डोमेन विकताना: आधी ईमेल सोडवा, मग पैसे घ्या, कोड सगळ्यात शेवटी

भोसरी एमआयडीसीतलं फॅब्रिकेशनचं एखादं जुनं युनिट डोळ्यांसमोर आणा. दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी वेबसाईट करून दिली आणि फर्मच्या नावाचं डॉट कॉम घेतलं. पुढे भागीदार वेगळे झाले, फर्मचं नाव बदललं. जुनं डोमेन मात्र दरवर्षी हजार-बाराशे भरून चालू ठेवलं, कारण गिऱ्हाइकांचे मेल अजून त्यावरच येतात. एक दिवस बाणेरहून फोन येतो: त्याच नावाची कंपनी काढलीय, डोमेन देता का? घासाघीस होऊन दीड लाखाला सौदा ठरतो. खरं काम इथून पुढे सुरू होतं, आणि त्यात कामांच्या यादीपेक्षा त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. शीर्षकातला ‘कोड’ म्हणजे डोमेन दुसऱ्या कंपनीकडे न्यायला लागणारा गुप्त शब्द.

जमीन विकली तर फेरफार नोंदीला हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. गाडी विकली तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात, आरटीओत नाव चढतं. डोमेनच्या व्यवहारात असा मधला माणूसच नाही. ज्या कंपनीकडून डोमेन घेतलं ती, म्हणजे रजिस्ट्रार, एवढंच पाहते की डोमेन कुणाच्या खात्यात आहे. एकदा ते दुसऱ्याच्या खात्यात गेलं की परत आणायच्या वाटा आहेत, पण त्या लांबच्या आणि वेळखाऊ.

डोमेन नक्की कुणाच्या खात्यात आहे?

प्रश्न बावळट वाटेल, पण निम्मे घोळ इथेच असतात. वेबसाईट करून देणाऱ्या मुलाने डोमेन स्वतःच्याच खात्यात, कधीकधी स्वतःच्याच नावावर घेतलेलं असतं. मालक दरवर्षी त्याला पैसे देतो आणि समजतो की डोमेन आपलं. सौद्याची बोलणी सुरू करण्याआधी स्वतः रजिस्ट्रारच्या साईटवर लॉगिन करून बघा. लॉगिनच नसेल, तर आधी त्या मुलाकडून डोमेन तुमच्या खात्यात घ्या. हे काम गिऱ्हाईक दारात उभं असताना करायला गेलात तर भाव कुणाचा वाढतो ते सांगायला नको.

लॉगिन झाल्यावर तीन गोष्टी कागदावर उतरवा: डोमेन कधी घेतलं, कधी संपतं, आणि नोंदणीत मालक म्हणून कुणाचं नाव व कुठला ईमेल आहे. मग आयकॅनच्या (डोमेनचे जागतिक नियम ठरवणारी संस्था) लुकअप पानावर तेच डोमेन टाकून बाहेरून काय दिसतं ते पाहा. पूर्वी याला हूइज म्हणायचे, जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी त्याची अधिकृत जागा आरडॅपने घेतली आहे. २०१८ पासून मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं, त्यामुळे नाव दिसलं नाही म्हणून घाबरू नका. तुम्हाला हवी आहे ती स्टेटसची ओळ. ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ म्हणजे नेहमीचं कुलूप, ते तुम्हीच उघडू शकता. ‘सर्व्हर ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ हे रजिस्ट्रीने, म्हणजे डॉट कॉमसारख्या नावांची मूळ यादी सांभाळणाऱ्या संस्थेने, लावलेलं असतं, ते तुमच्या खात्यातून निघत नाही. मागे एखादा वाद किंवा कोर्टाचा आदेश आहे का, हे रजिस्ट्रारला विचारावं लागतं. ‘रिडेम्प्शन पीरियड’ दिसलं तर डोमेन संपून गेलंय. साधारण ३० दिवसांच्या त्या मुदतीत जादा पैसे भरून ते आधी सोडवावं लागेल.

मुदत संपायला महिनाभरापेक्षा कमी दिवस उरले असतील तर आधी एक वर्ष रिन्यू करा आणि तो खर्च भावात धरा. संपू द्यायचं आणि मग ट्रान्सफर (दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेणं) करायचं, हा शहाणपणा नको. मुदत संपल्यानंतरच्या ४५ दिवसांत रिन्यू करून लगेच दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेलं, तर रिन्यूअलचं वर्ष हिशेबातून उडतं. ट्रान्सफरमुळे मिळणारं एकच वर्ष हातात राहतं, आणि घेणारा विचारतो, दोनदा पैसे भरले ते गेले कुठे?

डॉट इन आणि डॉट को डॉट इनचा कारभार निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे, त्यामुळे आयकॅनचे नियम तिथे जसेच्या तसे लागत नाहीत. ओळखपत्राची पडताळणीही मागितली जाते. दोघांची कागदपत्रं तयार ठेवा आणि ट्रान्सफरच्या अटी रजिस्ट्रारकडून मेलवर लेखी घ्या. डॉट जीओव्ही डॉट इन, डॉट एसी डॉट इन, डॉट बँक डॉट इन ही नावं ठरावीक संस्थांसाठीच असतात. अशा नावाचं ‘डोमेन विकायचंय’ म्हणून कुणी आलं तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

साठ दिवसांचं कुलूप

डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग अशा डोमेनना ६० दिवसांचं कुलूप तीन कारणांनी लागतं. नवीन घेतल्यापासून ६० दिवस आणि एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे आणल्यापासून ६० दिवस ते पुन्हा हलवता येत नाही, ही दोन कारणं लोकांना माहीत असतात. तिसरं अडकवतं. डिसेंबर २०१६ पासूनच्या नियमानुसार मालकाचं नाव, संस्थेचं नाव किंवा मालकाचा ईमेल बदलला, तरी दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जाण्यावर ६० दिवसांचं कुलूप पडतं.

आता गंमत बघा. विकणारा नीट माणूस असतो. सौदा ठरल्यावर म्हणतो, जरा माहिती अद्ययावत करून ठेवू. नोंदणीतला जुना ईमेल काढून जीमेल टाकतो, आणि डोमेन दोन महिने अडकतं. घेणाऱ्याला वाटतं हा टाळाटाळ करतोय.

बरेच रजिस्ट्रार हा बदल करतानाच कुलूप नको म्हणायची सोय देतात, छोटा चौकोन असतो. तो बदल पक्का करण्याआधीच टिचकवावा लागतो, नंतर नाही. काही रजिस्ट्रार ही सोय देतच नाहीत. म्हणून ट्रान्सफर होईपर्यंत नोंदणीतल्या मालकाच्या माहितीला हात न लावणं उत्तम. रजिस्ट्रारच्या खात्याचा लॉगिन ईमेल ही वेगळी गोष्ट आहे, तो बदलायला हरकत नाही. हे दोन ईमेल वेगळे आहेत हे डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढचा मुद्दा त्यावरच उभा आहे.

ईमेलची गाठ

डोमेन विकणं म्हणजे त्या डोमेनवरचे सगळे ईमेल पत्ते विकणं. लोकांना वेबसाईट दिसते, हे दिसत नाही.

आपल्या भोसरीच्या युनिटचं बघू. ‘अकाउंट्स’ नावाचा पत्ता त्या डोमेनवर आहे. जीएसटी पोर्टलवर तोच, उद्यम नोंदणीवर तोच, नेट बँकिंगचं स्टेटमेंट त्यावर, पीएफच्या पोर्टलवर तोच, इंडियामार्टच्या चौकशा त्यावर, गूगल मॅपवरची दुकानाची नोंद त्याच पत्त्यावरून केलेली. डोमेन गेल्यावर नवा मालक स्वतःच्या मेल सर्व्हरवर कॅच-ऑल लावतो, म्हणजे त्या डोमेनवर कुठल्याही नावाने आलेला मेल एका पेटीत पडतो. बरेच जण हे सोयीसाठीच करतात, मनात काही नसतं. पण त्या क्षणापासून तुमच्या पोर्टलचे ओटीपी त्याच्या पेटीत पडायला लागतात. ‘पासवर्ड विसरलात?’ एवढं दाबायचा अवकाश. उद्या तो माणूस सज्जन असेल, पण त्याने नोकरीवर ठेवलेला सज्जन असेलच असं नाही.

त्यातला सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे रजिस्ट्रारच्या खात्याचाच लॉगिन ईमेल त्याच डोमेनवर असणं. डोमेन गेलं की खात्यात शिरायची वाटही गेली, आणि त्या खात्यात तुमची आणखी चार डोमेनं असली तर तीही धोक्यात.

म्हणून सौदा ठरण्याच्या आधीच, किमान तीन-चार आठवडे, हे काम हाती घ्या. मेलपेटीत शोध मारा: ओटीपी, व्हेरिफाय, पासवर्ड, स्टेटमेंट, रिन्यूअल, इनव्हॉइस. मागचे १३ महिने तपासा. १२ का नाही? वर्षातून एकदाच येणारे मेल, म्हणजे विम्याचा हप्ता, शॉप ॲक्ट, सॉफ्टवेअरची वर्गणी, एखाद-दोन दिवसांच्या फरकाने १२ महिन्यांतून निसटतात. जे सापडेल त्याची वहीत यादी करा आणि एकेका ठिकाणी जाऊन पत्ता बदला. जीएसटी पोर्टलवर अधिकृत सहीदाराचा ईमेल नॉन-कोअर बदलातून बदलता येतो, अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही, पण ओटीपी मात्र हाताशी लागतो. बँकेला मात्र अर्ज आणि शाखेत खेप लागू शकते, तेवढे दिवस धरून चाला. मिळकतकर आणि महावितरण शेवटी केलंत तरी चालेल, तिथून कुणी काही पळवून नेत नाही.

यादी संपल्यावर दोन आठवडे जुन्या पेटीकडे लक्ष ठेवा. अजून काही महत्त्वाचं येतंय का? येत असेल तर ते यादीतून सुटलंय. मग सगळ्या मेलची प्रत संगणकावर उतरवून घ्या.

मेल गूगल वर्कस्पेसवर (गूगलची कंपन्यांसाठीची मेलसेवा) असेल तर आणखी एक पायरी आहे, आणि ती जवळजवळ सगळेच विसरतात. विकायचं डोमेन तिथे मुख्य डोमेन असेल तर नुसतं काढता येत नाही. आधी दुसरं डोमेन जोडायचं, त्याला मुख्य करायचं, मग जुनं काढायचं. किंवा खातंच बंद करायचं. तसं न करता डोमेन दिलंत, तर घेणाऱ्याला त्याच्या वर्कस्पेसमध्ये ते जोडताना ‘हे डोमेन आधीच वापरात आहे’ असा संदेश येतो आणि फोन तुम्हाला येतो. सुटायला एखादा दिवसही लागू शकतो, म्हणून शेवटच्या तासाला ठेवू नका. मायक्रोसॉफ्ट ३६५ चंही असंच आहे.

कागदावर काय लिहायचं

दोन पानं पुरतात, पण त्यात संदिग्ध काही नको. डोमेनचं नाव अक्षर न अक्षर लिहा, शेवटच्या डॉट कॉमसह. सोबत काय जातंय ते लिहा: नुसतं नाव, की वेबसाईटचा मजकूर आणि फोटोही, लोगो, इन्स्टाग्रामचं खातं? ‘सगळं मिळून’ हा शब्द कागदावर येऊच देऊ नका.

ट्रेडमार्कचा मुद्दा स्वतंत्र लिहा. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की डोमेनचं नाव हे व्यापारी नावासारखंच संरक्षण मिळण्याजोगं असू शकतं. म्हणजे डोमेन विकून त्याच नावाने धंदा चालू ठेवलात, तर उद्या घेणारा तुमच्यावर दावा लावू शकतो. उलट, डोमेन घेतलं म्हणून नोंदलेला ट्रेडमार्क आपोआप घेणाऱ्याचा होत नाही, त्याचं हस्तांतर वेगळं करावं लागतं. आपल्या युनिटचं नाव आधीच बदललंय, त्यामुळे तिथे हा प्रश्न हलका आहे. पाटीवर अजून तेच नाव असेल तर वकिलाला दोन तास द्या.

बाकी कलमं अशी: रक्कम, कुठल्या खात्यातून कुठल्या खात्यात, पैसे आल्यावर किती तासांत विकणारा काय करणार, ताबा मिळाल्यावर घेणाऱ्याने किती दिवसांत तपासून होकार द्यायचा, रिन्यूअल आणि एस्क्रोची (पैसे मध्ये धरून ठेवणाऱ्या कंपनीची) फी कोण भरणार, आणि कुठल्या तारखेपासून त्या डोमेनवर जे होईल त्याला कोण जबाबदार. विकणाऱ्याची जीएसटी नोंदणी असेल तर भाव जीएसटी धरून की वेगळा, हे आकड्यात लिहा. दीड लाखावर १८ टक्के म्हणजे २७ हजार, आणि हा वाद सौदा मोडायला पुरेसा असतो. उत्पन्न धंद्याचं धरायचं की भांडवली नफ्याचं, हे सीए ठरवेल.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना १०० ऐवजी ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. जुन्या १०० च्या पेपरवर टाइप करून आणणारे अजून भेटतात.

पैसे

दोघं पुण्यातच असाल आणि रक्कम लाख-दोन लाखाच्या आत असेल, तर सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे एका टेबलावर दोन लॅपटॉप घेऊन बसणं. घेणारा पैसे पाठवतो, विकणारा स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली पाहतो आणि मग समोरच डोमेन सोडतो. समोरच्याच्या मोबाईलवरचा स्क्रीनशॉट हा पुरावा नाही, बँकेच्या नावाने आलेला एसएमएससुद्धा नाही. यूपीआयची मर्यादा सर्वसाधारणपणे दिवसाला १ लाख आहे. दीड लाख असेल तर आयएमपीएस किंवा एनईएफटी, आणि २ लाखांपासून पुढे आरटीजीएस. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास चालतं. ‘आज बँक बंद आहे, तुम्ही कोड द्या, सोमवारी पाठवतो’ या वाक्याला आता काही अर्थ उरलेला नाही.

पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. समोरून ‘रिक्वेस्ट पाठवलीय, स्वीकारा’ असं आलं की थांबा.

२ लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि तुकडे पाडून घेतले तरी एकाच व्यवहाराचे ते एकच धरले जातात. चेक दिला तर तो वटल्यावरच पुढचं पाऊल. खात्यात जमा ‘दिसणं’ आणि वटणं यात फरक आहे.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: पैसे घेणाऱ्याच्या स्वतःच्या किंवा कंपनीच्याच खात्यातून यायला हवेत. ‘मित्राच्या खात्यातून टाकतो’ म्हणाला तर नाही म्हणा. ते पैसे कुणा तिसऱ्याच्या फसवणुकीतले निघाले, तर सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमच्या खात्यातली रक्कम रोखून धरते. तुम्ही काही केलेलं नसतं, तरी खेपा तुम्हालाच.

घेणारा बंगळुरूत किंवा परदेशात असेल, किंवा रक्कम मोठी असेल, तर एस्क्रो वापरा. म्हणजे पैसे तिसऱ्या विश्वासू कंपनीकडे जमा होतात, विकणारा डोमेन देतो, घेणारा तपासून होकार देतो, आणि मग पैसे सुटतात. एस्क्रो डॉट कॉम १९९९ पासून हे काम करते, सेडोसारखे डोमेन बाजारही अशी सोय देतात. एस्क्रो वापरण्यातला धोका एकच, खोटी एस्क्रो साईट. घेणाराच आग्रहाने एखादं अनोळखी नाव सुचवतो, लिंक पाठवतो, साईट हुबेहूब खरी दिसते, ‘पैसे जमा झाले, आता डोमेन पाठवा’ असा मेल येतो. म्हणून पत्ता स्वतः टाइप करून जा आणि पैसे जमा झाल्याची खात्री मेलवरून नव्हे, खात्यात लॉगिन करून घ्या. याचाच चुलतभाऊ म्हणजे ‘आधी अमुक साईटवरून डोमेनच्या किमतीचं प्रमाणपत्र आणा’ म्हणणारा घेणारा. ती साईट त्याचीच असते, प्रमाणपत्राची फी भरलीत की तो गायब. क्रेडिट कार्डाने थेट पैसे घेणंही टाळा, कार्डाचा व्यवहार आठवड्यांनी उलटवता येतो, डोमेन नाही.

ताबा: आधी पुश करता येतो का ते बघा

घेणाऱ्याचं खातं तुमच्याच रजिस्ट्रारकडे असेल किंवा तो काढायला तयार असेल, तर डोमेन एका खात्यातून दुसऱ्यात ढकलता येतं. याला पुश म्हणतात. कोड लागत नाही, पाच दिवस थांबावं लागत नाही, सहसा काही मिनिटांत होतं. कुठे घेणाऱ्याचा कस्टमर नंबर आणि ईमेल लागतो, कुठे फक्त युजरनेम. तो समोर बसून वाचून घ्या, कारण एक अक्षर चुकलं तर डोमेन तिसऱ्याच्याच खात्याच्या दारात. तो स्वीकारेपर्यंत रद्द करता येतं, नंतर विनवण्या. पुश करताना दोन पर्याय विचारले जातात: नेमसर्व्हर (डोमेनची साईट आणि मेल कुठे आहे ते सांगणारे संगणक) तेच ठेवायचे का, आणि मालकाची माहिती घेणाऱ्याची लावायची का. पहिल्याला हो, दुसऱ्यालाही हो. दुसरं नाही म्हटलंत तर डोमेन त्याच्या खात्यात, पण मालक म्हणून नाव तुमचंच राहतं, आणि हे गाडी विकून आरसीवर स्वतःचं नाव ठेवण्यासारखं आहे.

घेणाऱ्याला पुढे दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असेल, तर माहिती बदलताना साठ दिवसांच्या कुलपाचा चौकोन आठवा.

रजिस्ट्रार बदलायचा असेल तर

पहिली पायरी, कुलूप उघडा. खात्यात ‘डोमेन लॉक’ बंद केलं की काही वेळाने आरडॅपमध्ये स्टेटस बदललेलं दिसतं. दुसरी, ऑथ कोड मागवा, काही जण त्याला ईपीपी कोड म्हणतात. खात्यात तिथल्या तिथे दिसला तर ठीक, नाहीतर रजिस्ट्रारने तो ५ दिवसांच्या आत द्यायलाच हवा, आयकॅनचा तसा नियम आहे. कोड मेलवर येणार असेल तर तो नोंदणीतल्या ईमेलवर येतो, म्हणून ती पेटी अजून चालू आहे ना ते आधी बघा. कुलूप उघडं आणि कोड हातात, एवढं असलं की कुणीही ते डोमेन जगातल्या कुठल्याही रजिस्ट्रारकडे ओढू शकतो. म्हणून कोड पैसे आल्यावरच, ‘टेस्ट करून बघतो’ म्हणणाऱ्यालाही नाही.

कोड पाठवताना व्हॉट्सॲप टाळा. कोडमध्ये तारका किंवा अंडरस्कोर असतात, आणि दोन तारकांमधला मजकूर व्हॉट्सॲप ठळक करून तारका गिळून टाकतं. घेणारा कॉपी करून टाकतो, ‘कोड चुकीचा’ येतो, दोघंही एकमेकांवर संशय घेतात. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये घालून पाठवा. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि छोटा एल यांची गल्लत, शेवटी चिकटलेली एक स्पेस, ही बाकीची नेहमीची कारणं.

घेणारा नव्या रजिस्ट्रारकडे कोड टाकून एका वर्षाचे पैसे भरतो. ते वर्ष डोमेनच्या मुदतीत वाढतं, एकूण मुदत मात्र १० वर्षांच्या पलीकडे जात नाही. स्टेटसमध्ये ‘पेंडिंग ट्रान्सफर’ दिसतं. जुन्या रजिस्ट्रारकडून तुम्हाला मेल येतो. तिथून मंजूर केलंत तर लगेच सुटतं, काहीच केलं नाहीत तर ५ दिवसांनी आपोआप जातं. आणि काही वावगं दिसलं तर थांबवायची वेळ हीच, या ५ दिवसांत. नंतरची भांडणं दोन रजिस्ट्रारमध्ये चालतात आणि चालतच राहतात.

हे काम सोमवारी किंवा मंगळवारी सुरू करा. शुक्रवारी संध्याकाळी सुरू केलं तर अडचण आली की रजिस्ट्रारची मदत रविवारच्या पलीकडे. पुण्यात गुरुवारही नको, वीजदुरुस्तीत राउटर बंद पडायचा तेव्हाच ओटीपी येतो.

साईट आणि मेल बंद पडू नये म्हणून

ट्रान्सफरने नेमसर्व्हर आपोआप बदलत नाहीत. पण तुमचं डीएनएस, म्हणजे साईट आणि मेल कुठे जातात त्याची नोंदवही, जुन्या रजिस्ट्रारच्याच फुकटच्या सेवेवर असेल, तर डोमेन गेल्यावर ती नोंदवही तो पुसू शकतो, आणि साईट आणि मेल दोन्ही गप्प. चालती साईट घेणाऱ्याने आधी सगळ्या नोंदी उतरवून नव्या ठिकाणी तयार कराव्यात: ए, सीनेम, एमएक्स, आणि टीएक्सटीमधल्या एसपीएफ व डीकिमच्या ओळी. डीकिमची ओळ लांबलचक असते आणि तीच कॉपी करताना तुटते. दोन दिवस आधी टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतर संगणक किती वेळ लक्षात ठेवतात ती मुदत, ३०० सेकंदांवर आणा. डॉट कॉमच्या रजिस्ट्रीतल्या नेमसर्व्हर नोंदीचा टीटीएल मात्र ४८ तासांचा असतो आणि तो आपल्या हातात नाही, म्हणून दोन्हीकडच्या नोंदी दोन दिवस चालू ठेवा.

डीएनएससेक (डीएनएस नोंदींवरची डिजिटल सही) चालू असेल तर नेमसर्व्हर बदलण्याआधी त्या सहीची रजिस्ट्रीतली डीएस नोंद काढा आणि पूर्ण एक दिवस थांबा. ती तशीच राहिली तर सही जुळत नाही. मग गंमत अशी की काहींच्या मोबाईलवर साईट उघडते, काहींच्या नाही, आणि सगळे होस्टिंगवाल्याला शिव्या घालतात.

ताबा गेल्यावर

घेणाऱ्याने त्याच दिवशी कुलूप पुन्हा लावावं, टू-फॅक्टर चालू करावं, स्वतःचं कार्ड ऑटो-रिन्यूला जोडावं आणि आरडॅपमध्ये रजिस्ट्रारचं नाव व मुदतीची तारीख बघावी. गूगल सर्च कन्सोलमध्ये (साईट गूगलवर कशी दिसते ते सांभाळण्याची जागा) जुन्या मालकाला काढावं. त्याने डीएनएसमध्ये टाकलेली पडताळणीची टीएक्सटी ओळ राहिली तर त्याचा हक्कही राहतो. जुन्या मालकाकडे असलेलं एसएसएल प्रमाणपत्र मुदत संपेपर्यंत वैध असतं, लेट्स एन्क्रिप्टचं असेल तर ९० दिवसांपर्यंत. संशय असेल तर ते रद्द करायला सांगा.

विकणाऱ्याने जुन्या खात्यातलं ऑटो-रिन्यू आणि होस्टिंगची वर्गणी बंद करावी, आणि मग एक फाइल करावी: सही केलेला करार, बँकेचं स्टेटमेंट, इनव्हॉइस, ट्रान्सफर पूर्ण झाल्याचा मेल, आणि ताब्याच्या आधीची व नंतरची आरडॅपची प्रिंट, वेळेसकट. पुढे त्या डोमेनवर कुणी खोट्या नोकऱ्यांची साईट काढली, तर तपासात जुनी नावंही निघतात, आणि तेव्हा ताबा कुठल्या तारखेला, किती वाजता गेला हे या प्रिंटवर दाखवता येतं.

आणि व्यवहारात फसवणूक झालीच, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, त्याच तासात. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखले जाण्याची शक्यता तेव्हाच असते. नंतर सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार आणि तिची प्रत घेऊन सायबर पोलीस ठाणं. डोमेन अजून ‘पेंडिंग ट्रान्सफर’मध्ये असेल तर पोलिसांकडे निघण्याआधी जुन्या रजिस्ट्रारच्या मेलमधल्या ‘नाकारा’वर टिचकी मारा, तेवढ्याने डोमेन तरी जागेवर राहतं.